हिरावन्सं, तुमची बरणी

वन्सं, तुमची बरणी परवापासून आमच्या गॅलरीत आहे. तिला आधी प्लास्टिकची पिशवी, त्यावर जुनी ओढणी, त्यावर पुन्हा एक पिशवी आणि सगळ्यात वर चार रबरबँड असा बंदोबस्त केला आहे. तरीही काल संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि उंदीर मेलाय का म्हणून विचारून गेल्या. मी नाही म्हणाले. त्यांनी दारातच दोनदा हुंगलं आणि म्हणाल्या, "काहीतरी मेलंय नक्की." त्यांना काय सांगणार होते मी?

तुमच्या तेराव्याची पंगत उठल्यावर सविताने ती माझ्या हातात दिली. तुमची लेक तुमच्यासारखीच, आडपडदा नाही. "मामी, आई बोललीवती, ही तुमालाच देवाची. दिलीपमामाला नाय. बोलली, जमला का नाय ते मामीच सांगंल." मी बरणी हात लांब करून घेतली, लहान मुलाचा ओला लंगोट धरावा तशी. येताना दिलीपने गाडीच्या चारही काचा खाली केल्या. तुमचा भाऊ, जन्मभर सुकटीवर वाढलेला माणूस, पळस्प्यापर्यंत तोंडावर रुमाल धरून एका हाताने गाडी चालवत होता. "हिराताईनं शेवटी काय करून ठेवलंय हे," एवढंच म्हणाला, आणि मग डोळे पुसायला रुमालच सापडेना, कारण तो नाकावर होता.

बरणीत काय आहे ते आपल्या दोघींनाच नीट माहीत आहे. पण तिच्या मागची एक गोष्ट फक्त मला माहीत आहे, आणि ती तुम्हाला सांगायची राहून गेली. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता ऐकूही येणार नाही. तरी ती गोष्ट बोलल्याशिवाय झाकण काढायचं नाही असं मी ठरवलं आहे. म्हणून लिहायला बसले.

आपली सुरुवातच किळसेने झाली, आठवतं? माझं माहेर पनवेल गावातलं. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा घरात यायचा नाही. दिलीपशी लग्न करून तुमच्या खाडीकाठच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसले, तेव्हा माझ्यासाठी वेगळी डाळ केली होती, पण शेजारच्या ताटात निवट्यांचं कालवण होतं. खाडीच्या चिखलातले ते डोळे वटारलेले मासे. ते मी सकाळीच टोपात वळवळताना पाहिले होते. सासूबाई म्हणाल्या, नुसता रस्सा तरी घे, सवय होईल. मी बावीस वर्षांची, नवी साडी नेसलेली, सगळ्यांसमोर म्हणाले, "नको, मला किळस येते." सासूबाईंचा चेहरा उतरला. आणि तुम्ही पदरात तोंड घालून हसलात. "बरी हाय गो. तोंडावर बोलते. आमच्या दिल्याला अशीच पायजे होती."

त्या दिवसापासून आपल्यात तो एक रिवाजच पडला. तुम्ही खायला द्यायचं, मी नाही म्हणायचं, आणि दोघींनी खरं बोलायचं. बाजारात मासळी विकून झाली की दुपारी तुम्ही खांदा कॉलनीत आमच्याकडे हातपाय धुवायला यायचात. टोपली खाली वॉचमनच्या केबिनमागे ठेवायचात, कारण लिफ्टमधले लोक नाक मुरडायचे. तरी तुमच्या पायाला चिकटून एखाददुसरं खवलं वर यायचंच. संध्याकाळी झाडताना ते केरात चमकायचं आणि माझ्या अंगावर काटा यायचा. मी तुम्हाला म्हणायचे, "वन्सं, पाय नीट धुवा." तुम्ही म्हणायचात, "धुतले. तू डोले नीट धू." दिलीपसाठी आणलेला सुकटीचा डबा तुम्ही द्यायचात, तो गॅलरीत वर्तमानपत्र पसरून खायचा, आणि मी तो डबा राखेने तीनदा घासून त्यात साखर घालून तुम्हाला परत द्यायचे. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर आपलं दोघींचं कधी भांडण झालं नाही. तुमच्याकडे तेच, आमच्याकडेही तेच.

बाकी भांडणं होतीच. ते दह्याचं भांडण तर पस्तीस वर्षं चाललं. "तुजा दही काय हाय गो? सरलेला दूधच ना? त्याचा वास तुना गोर लागतो आनि माजा जवला घान." मी शाळेत विज्ञान शिकवायचे. मी म्हणायचे, "विरजणं वेगळं आणि सडणं वेगळं, वन्सं." तुम्ही म्हणायचात, "मंग सांग ना, फरक काय?" मी जिवाणूंपासून सुरुवात करायचे, आणि पाच मिनिटांत माझ्याच लक्षात यायचं की फरक सांगता येत नाही. मग मी चहा टाकायला उठायचे.

मिठागराची जमीन सरकारने घेतली आणि भरपाईतला तुमचा वाटा तुम्हाला मिळाला, तेव्हा तुमच्या मुलांनी बंगला वाढवायला काढला. तुम्ही म्हणालात, आधी पासपोर्ट. सगळा गाव हसला. वय पासष्टच्या पुढे, कधी पुण्याला गेला नव्हतात. पण गावातले लोक बँकॉकला जाऊन येत होते, आणि तुम्हाला एकच गोष्ट बघायची होती, परमुलखातला मासळीबाजार. दिलीपच्या गुडघ्याचं तेव्हाच ऑपरेशन झालं होतं. इंग्रजी बोलणारी घरात मी एकटी. अशी मी तुमच्याबरोबर व्हिएतनामला आले. माझ्या बॅगेत मेतकूट, खाकरे, लिंबाचं लोणचं आणि पातळ पोह्यांचा चिवडा. तुमच्या बॅगेत दोन नऊवारी आणि एक स्टीलचा डबा भरून सुका जवळा, ती वाळवलेली बारीक कोळंबी. त्या डब्याच्या झाकणावर भांडीवाल्याने टोचून तुमचं नाव काढलेलं होतं. तुम्हाला अक्षरं वाचता येत नव्हती, पण तेवढं नाव आकारावरून ओळखायचात.

आपला टूरवाला बिचारा चांगला माणूस. रोज आपल्याला भारतीय हॉटेलात नेऊन डाळ, पनीर, जिरा राइस वाढायचा. मला तेवढ्यावर आयुष्य काढता आलं असतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही ताट पुढे सरकवलंत. "सुबदा, पनवेलचा पनीर खावाला मी इमानात बसलो काय?" आणि उठलात ते थेट हॉटेलच्या मागच्या गल्लीत. मी मागून पर्स सावरत.

त्या गल्लीचं वर्णन मी आल्यावर शाळेतल्या मैत्रिणींना केलं, तर एकीने फोन ठेवून दिला. फुटपाथवर गुडघ्याएवढी प्लास्टिकची स्टुलं. गटारावर फळी टाकून तिच्यावर भांडी धुणं चाललेलं. एका परातीत कोंबड्यांचे पाय, नखांसकट, गोळा करून ठेवलेल्या हातमोज्यांसारखे. शेजारी रेशमाचे किडे, तेलात परतलेले, पिवळे, फुगलेले. तुम्ही ओंजळ पुढे केलीत आणि त्या माणसाने दोन ठेवले. तुम्ही एक दाताखाली फोडलात. तो आवाज माझ्या कानात गेला. "आत मऊ हाय," तुम्ही म्हणालात, "कवल्या शेंगदान्यावानी." मी तेव्हापासून ओले शेंगदाणे खाल्लेले नाहीत.

आणि ते अंडं. एका बाईने बदकाचं उकडलेलं अंडं कपात उभं ठेवून दिलं. तुम्ही वरचं टरफल चमच्याने फोडलंत आणि आतला पाणचट रस सुर्र करून प्यायलात. मग टरफल आणखी सोललं तेव्हा आत पिल्लू. चोच होती, वन्सं. ओल्या पिसांची लव होती. एक मिटलेला डोळा होता. मी भिंतीला धरून उभी राहिले. तुम्ही क्षणभर त्याच्याकडे बघितलंत, कपाळाला हात लावलात, आणि खाल्लंत. मी म्हणाले, "वन्सं, ते जन्माला येणारं पोर होतं!" तुम्ही तोंड पुसून म्हणालात, "गाबोलीत, मासलीच्या अंड्यांत, काय असतं मंग? तीपन पोरंच. दिल्या मिटक्या मारत खातो तवा तू काय बोलत नाय." मी रस्त्याच्या कडेला जाऊन ओकले. तुम्ही माझी पाठ चोळलीत. तुमच्या तोंडाला त्या अंड्याचा वास होता, म्हणून मला पुन्हा उलटी झाली. तुम्ही हसत होतात आणि तरीही पाठ चोळायचं थांबला नाहीत.

बाजार मात्र तुम्हाला चौथ्या दिवशी सापडला. पहाटे टूरच्या बसला वेळ होता म्हणून आपण चालत निघालो आणि तुमचं नाकच आपल्याला तिथे घेऊन गेलं. आत शिरताच तुमची चाल बदलली. चार दिवस परक्या मुलखात बिचकत चालणारी बाई कमरेला पदर खोचून थेट ओल्या लादीवरून निघाली. माझ्या चपलेत मासळीचं पाणी शिरलं. मी रुमाल नाकाला लावून मागे. तुम्ही एका बांगड्यासारख्या माशाचा कल्ला उघडून बघितलात, बोट घातलंत, नाकाशी नेलंत आणि मान हलवलीत. विकणारी बाई तुमच्याच वयाची, दात काळे, डोक्यावर टोकदार टोपी. ती रागावेल असं मला वाटलं. ती हसली. तिने पाटीखालून दुसरा मासा काढून पुढे केला. तुम्ही त्याचा कल्ला बघितलात आणि म्हणालात, "हा बोल ना मंग." मराठीत. तिला कळलं.

नंतरचा पाऊण तास मी खांबाला टेकून उभी होते. तुम्ही तिच्या शेजारी उकिडव्या बसलात. तिने तुम्हाला आपला कोयता दाखवला, तुम्ही आपल्या बोटांवरचे जुने व्रण दाखवलेत. तिने हाताने उंची दाखवून मुलं किती ते सांगितलं. तुम्हीही सांगितलंत, आणि एक बोट दुमडलंत, गेलेल्याचं. तिने तुमच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला तीन भाषा येतात आणि त्या पाऊण तासात मला बोलायला कोणी नव्हतं.

मग तिने ती बरणी उघडली. मी पाच हात लांब होते तरी डोळ्यांतून पाणी आलं. जांभळट राखाडी रंगाचा लगदा, वर बुडबुडे. बंद खोलीत मेलेलं जनावर, त्यावर मोरीतलं पाणी आणि वर मीठ, असा काहीसा वास. तिने वाटीत एक चमचा घेतला, लिंबू पिळलं, मिरची घातली आणि काडीने घोटला, तर तो फसफसून वर आला. तुम्ही बोट बुडवून चाटलंत. डोळे मिटलेत. "सुबदा," तुम्ही म्हणालात, "हा जवलाच हाय गो. आमी वालवतो, ही कुजवते. येवडाच फरक." तुमच्या तोंडावर जे काही होतं ते मी तुमच्या लेकीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

तुम्ही हॉटेलवर मला पिटाळलंत आणि बॅगेतला डबा आणवलात. तिला जवळ्याचा वास दिलात. तिने चिमूट तोंडात टाकली, मान डोलावली, आणि डबा तसाच आपल्या पाटीमागे ठेवून भरलेली बरणी तुमच्या हातात दिली. डबा तिच्याकडे, बरणी तुमच्याकडे. मी म्हणाले, "वन्सं, डबा रिकामा करून मागून घ्या, नाव आहे त्याच्यावर." तुम्ही म्हणालात, "राहू दे. भांडी एकमेकींकरं राहिली म्हंजे जाना-येना राहतं. पुन्यांदा येऊ तवा तिची बरनी भरून आनू."

आता ती गोष्ट.

शेवटच्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात आणि मी बॅगा भरत होते. बरणी तुमच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली होती, तरी दोन रात्री त्या खोलीत मला झोप आली नव्हती. माझ्या सगळ्या साड्यांना तो वास लागला होता. टूथब्रशलाही लागला होता, असं वाटत होतं. बॅगेत ठेवायला ती उचलली तेव्हा झाकणाच्या कडेतून एक थेंब माझ्या मनगटावर आला. गरम नव्हता, पण मी भाजल्यासारखी ओरडले. सहा दिवसांची सगळी किळस, अंडं, किडे, कोंबडीचे पाय, चपलेतलं पाणी, सगळं त्या एका थेंबात आलं. मी बरणी घेऊन व्हरांड्यात गेले आणि जिन्याखालच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली. फडकं तेवढं काढून घेतलं. परत आले, साबणाने हात धुतले, बॅग बंद केली. तुम्ही न्हाणीघरातून विचारलंत, "बरनी नीट ठेवलीस ना गो?" मी म्हणाले, "ठेवली."

घरी आल्यावर तुम्ही बॅग उघडलीत. दोनदा सगळे कपडे काढून झटकलेत. मी तयारच होते. "विमानतळावर काढून घेतली असणार, वन्सं. मासळीचं नेऊ देत नाहीत." तुम्ही बॅगेच्या तळावर हात फिरवत राहिलात. मग म्हणालात, "आतला माल टाकाचा होता मेल्यांनी. बरनी तरी देवाची होती. आता तिना काय देऊ मी?"

तुम्हाला त्या खाण्याचं दुःख नव्हतं. दुसऱ्याचं भांडं हरवलं, याचं होतं. मला हे आधी कळायला हवं होतं. पस्तीस वर्षं साखर घालून डबे परत करणारी मीच होते.

मला वाटलं विषय संपेल. तुमचा विषय कधी संपतो? भाऊबीज होऊन गेली आणि तुम्ही खाडीवरून ओला जवळा आणलात, मिठात कुस्करलात आणि एका काचेच्या बरणीत भरून गच्चीवर उन्हात ठेवलात. म्हणालात, बरणी गेली ती गेली, पण जाताना माल तरी तिच्यासारखाच न्यायचा. पहिल्या वर्षी मीठ जास्त झालं, नुसता गोळा वाळला. दुसऱ्या वर्षी अळ्या पडल्या. ती बरणी तुम्ही मला दाखवायला खांदा कॉलनीपर्यंत घेऊन आलात. अळ्या काचेवर चढत होत्या आणि तुम्ही विचारत होतात, "वास तरी तसा हाय का?" मी दार लावून घेतलं. तिसऱ्या वर्षी गच्चीवर मुलांनी आरडाओरडा केला, सुनेने ताट सोडलं, शेजारच्यांनी तुमच्याकडे येणं बंद केलं. तुम्ही बरणी बंगल्यामागे कोंबड्यांच्या खुराड्याजवळ हलवलीत.

आणि दर वेळी माझ्याकडे. कारण त्या बाईच्या बरणीचा वास घेतलेली या मुलखात तुमच्याखेरीज मी एकटी होते. "तूच सांग गो. मना आता आठवत नाय नीट. माजा नाक म्हातारा झाला. तुज्या तर तवा डोल्यांतून पानी आलावता, तुना आठवत असंल." मी म्हणायचे, "मला नाही कळत, वन्सं. न्या ते." एकदा तर मी तोंडावर म्हणाले, "कशाला त्या घाणीच्या मागे लागलाय? त्या बाईला तुमचं नावही आठवत नसेल." तुम्ही उठलात. दारात म्हणालात, "तिच्याकरं माजा नाव हाय. डब्यावर." मग तीन आठवडे आला नाहीत. बाजारातूनच परस्पर घरी जात होतात, हे मला दिलीपकडून कळलं.

किळस कशाला म्हणतात ते मला बरणीने शिकवलं नाही, वन्सं. त्या तीन आठवड्यांत शिकले. दुपारी दोन वाजता बेल वाजायची नाही आणि मी गॅलरीत उभी राहून स्वतःच्या तोंडाची चव घेत बसायचे. तुमच्याशी मी उद्धट बोलले, नाक दाबलं, तुमच्या मागे फिनाइलने लादी पुसली. पण खोटं बोलले नव्हते. ते एकदाच बोलले, आणि त्या एका खोट्यापायी सत्तरीची बाई उन्हात अळ्या निवडत बसली होती.

मग तुमच्या किडन्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, सुकं बंद केलं. "म्हंजे जिवंत ठेवून मारतात," तुम्ही म्हणालात. शेवटचं मी तुमच्याकडे आले तेव्हा सविता बाजारात गेली होती, सुना कामात होत्या. आपण दोघीच. कोणी आडवं आलं नाही. अख्खी दुपार होती. तुमचे पाय सुजून कोहळ्यासारखे झाले होते आणि मी त्यांना खोबरेल चोळत होते. पहिल्यांदाच त्यांना एकही खवलं नव्हतं. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "ती बाय माज्या डब्यात काय ठेवत असंल गो?" मी म्हणाले, "मीठ ठेवत असेल." तुम्ही म्हणालात, "बरा. मीठ बरा." मग थोड्या वेळाने, "मागं खुरार्‍याजवल एक बरनी हाय. ह्या येलंला मना वाटतं जमलाय. चाखाला देत नाय ही लोकं." आणि माझ्याकडे बघितलंत.

तेव्हा सांगायचं होतं. बरणी मी टाकली, विमानतळवाल्यांनी नाही. एवढी एक ओळ. मी तेल चोळत राहिले. तुम्ही विचारलं असतंत तर मी हो म्हणून उठून त्या खुराड्यापाशी गेले असते, वास घेतला असता, येऊन सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला काही खा म्हणाला नाहीत. मी घरी आले. पाचव्या दिवशी सविताचा फोन आला.

तर ते आता बोलून झालं. तुम्ही समोर असतात तर काय केलं असतंत? शिव्या दिल्या असत्यात हे नक्की. उरणपासून पनवेलपर्यंत ऐकू जातील अशा. त्या मला हव्या होत्या. त्या तुमच्या तोंडून ऐकायची सोय मी माझ्या हातानेच घालवली. पदरात तोंड घालून हसला असतात का, ते मात्र मला ठरवता येत नाही, आणि माझ्या सोयीसाठी मी ते ठरवणारही नाही.

दुपारचे दोन वाजले आहेत. दिलीपला मी खाली पाठवलं आहे. गॅलरीत त्याचंच वर्तमानपत्र पसरलं आहे. वाटी घेतली, चमचा घेतला, लिंबू चिरलं, मिरची चिरली.

उघडली.

वन्सं, मी पुन्हा त्या हॉटेलच्या जिन्याखाली पिंपाशी उभी आहे. माझ्या मनगटावर तो थेंब आहे. बंद खोलीतलं जनावर, मोरीचं पाणी, मीठ. कणभर इकडे नाही, कणभर तिकडे नाही. रंगही तोच, जांभळट. एक चमचा वाटीत घेतला, लिंबू पिळलं, घोटला, तर तो फसफसून वर आला.

बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. पहिला घास तुमच्या हातचा, साठाव्या वर्षी. तोंडात धरवेना. नाकातून वर चढला, घशात जळजळलं. वर्तमानपत्रावर थुंकले. डोळे पुसले. मग पुन्हा बोट बुडवलं, आणि या खेपेला गिळलं. सवय होते म्हणतात, ते काही खरं नाही. दुसरं बोट पहिल्याहून वाईट होतं.

खालच्या बाईंनी खिडकी धाडकन लावल्याचा आवाज आला आत्ता.

तुम्ही सविताकडून विचारलं होतंत, उत्तर द्यायचं राहिलं होतं. गोड वाटावं म्हणून मी काही सांगणार नाही. तुमच्याशी खोटं एकदा बोलले, ते पुरे झालं. जमलंय, वन्सं. घाण आहे. अगदी तिच्यासारखीच घाण आहे.